आईच्या बीपीच्या गोळ्या, तिचा वाढता विसर आणि माझी पर्समधली चिठ्ठी

आडवी रेघ

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या.

आई ७८ वर्षांची आहे. बीपीच्या गोळ्या १९ वर्षांपासून चालू. सध्या टेल्मिसार्टन आणि अमलोडिपिन एकत्र असलेली एक गोळी सकाळी घेते. चार महिन्यांपूर्वी तपासायला गेलो तेव्हा वरचं १६८ निघालं, म्हणून जोडीला क्लोरथॅलिडोन सुरू झाली. गेलं वर्षभर तिला थोडा विसर पडतोच आहे, पण या तीन-चार महिन्यांत तो फारच वाढला. परवा मला विचारत होती, "तुझी परीक्षा कधी संपते?" मी ५१ वर्षांची आहे.

आई शाळेत गणित शिकवायची, ३१ वर्षं. बीपीची वहीसुद्धा तिने पट्टीने आखलेली: तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी. आकडे छापल्यासारखे. गेल्या आठवड्यात ती वही सहज चाळली आणि पोटात गोळा आला. एका पानावर ११ तारीख तीनदा आहे. पुढच्या पानावर सलग नऊ दिवस १४२/८०, नाडी ७४. विचारलं तर म्हणते, "अगं, स्थिर आहे बीपी." नऊ दिवस नाडीसुद्धा ७४? ती वरची ओळ बघून खाली उतरवत होती. बघून लिहिणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारी बाई.

दादाने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गृहस्थ सांगतात की वय झाल्यावर मेंदूपर्यंत रक्त चढवायला जास्त दाब लागतो, गोळ्या तो दाब पाडतात, मेंदू उपाशी राहतो आणि माणूस विसरायला लागतो. माझी खरी अडचण अशी की ऐकताना मला ते पटलं. दादाने फोनवर आईलाही सांगून टाकलं. आता ती रोज सकाळी विचारते, "मग बंद करू ना गोळी?" हे मात्र ती विसरत नाही.

आता माझं. गेल्या दोन महिन्यांत माझं बीपी तीनदा १५०/९५ च्या आसपास आलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती चिठ्ठी सहा आठवडे पर्समध्ये आहे. आईचं हे असं बघून घ्यायचा धीर होत नाही.

तर प्रश्न दोन. बीपीच्या गोळ्यांनी डिमेन्शिया, म्हणजे वाढत जाणारा विसराचा आजार, होतो का? आणि आईच्या बंद कराव्यात का?

उनाड

कंपन्यांना गोळ्या खपवायच्या असतात, बाकी काही नाही. माझे आजोबा ९३ व्या वर्षापर्यंत टुणटुणीत होते, आयुष्यात एक गोळी घेतली नाही. दादाचं ऐका.

साधा फिजिशियन

उनाड, आजोबांचं बीपी किती होतं? मोजलंच नसेल तर त्यांच्या उदाहरणावरून काही ठरवता येत नाही. असो.

ताई, आधी त्या व्हिडिओबद्दल, कारण तुम्हाला तो पटला याचं मला नवल वाटत नाही. त्यात अर्धं खरं आहे. मेंदूकडे जाणारा रक्ताचा ओघ नळाच्या पाण्यासारखा थेट दाबावर चालत नाही. दाब कमी झाला की मेंदूतल्या बारीक धमन्या सैल होतात, वाढला की आवळतात, आणि ओघ साधारण तेवढाच राहतो. वर्षानुवर्षं बीपी जास्त असलं की ही यंत्रणा वरच्या दाबाला सरावते. अशा माणसाचं बीपी एका झटक्यात पाडलं तर घेरी येते, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. काही आठवड्यांत यंत्रणा पुन्हा खाली सरावते. व्हिडिओतले गृहस्थ पहिल्या काही आठवड्यांची गोष्ट आयुष्यभराला लावतायत.

मेंदूचं नुकसान वाढलेल्या दाबानेच होतं. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला रक्त पोचवणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक आणि लांब असतात. सततच्या दाबाने त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, पोकळी अरुंद होते, आणि शेवटच्या टोकाचा भाग हळूहळू सुकत जातो. एमआरआयवर हे पांढरे डाग म्हणून दिसतं. रोग्याला कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही.

आता गोळ्या घेऊन काय होतं ते. यावर रँडम चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले मोठे अभ्यास आहेत, म्हणजे 'गोळी घेणारे मुळातच वेगळे असतात' हा आक्षेप राहत नाही. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' अभ्यासात ९३६१ जण होते. अर्ध्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली, अर्ध्यांचं १४० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला. २०१९ मध्ये स्मरणशक्तीचे निकाल आले: डिमेन्शिया १२० वाल्या गटात १४९ जणांना, १४० वाल्या गटात १७६ जणांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, म्हणजे तो योगायोगानेही पडलेला असू शकतो, ते मी लपवत नाही. पण डिमेन्शियाच्या आधीची पायरी, म्हणजे सौम्य बौद्धिक घसरण, २८७ विरुद्ध ३५३, आणि हा फरक कसोटीला उतरतो. लक्षात घ्या, ज्यांचं बीपी जास्त पाडलं त्यांचा मेंदू 'उपाशी' राहिला असता तर आकडे उलटे आले असते.

२०२५ मध्ये चीनच्या ग्रामीण भागातला अभ्यास आला. ३२६ गावं, जवळपास ३४ हजार माणसं, वय ४० च्या पुढे. निम्म्या गावांमध्ये गावपातळीवरच्या डॉक्टरांनी बीपी नेटाने आटोक्यात ठेवलं. चार वर्षांत तिथे डिमेन्शियाचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी निघालं.

टक्केवारी ऐकून हुरळून जाऊ नका, म्हणून ही दुसरी बाजू. २०२० मध्ये अशा अनेक अभ्यासांची बेरीज केली गेली, एकूण ९६ हजारांवर माणसं. सुमारे चार वर्षांत डिमेन्शिया किंवा बौद्धिक घसरण गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ७ टक्के, न घेणाऱ्यांमध्ये साडेसात टक्के. म्हणजे हजारात चार-पाच माणसांचा फरक. गोळी ही काही स्मरणशक्तीची ढाल नाही. तिचा मोठा फायदा पक्षाघात आणि हार्ट फेल्युअर टाळण्यात आहे, मेंदूला मिळतो तो वरचा लाभ.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत, कारण वय वेगळं आहे. डिमेन्शियाशी सगळ्यात पक्का संबंध मध्यमवयातल्या वाढलेल्या बीपीचा दिसतो, साधारण चाळिशी ते साठीच्या. तुम्ही बरोबर त्यात बसता. सहा आठवडे पर्समध्ये ठेवायची चिठ्ठी नव्हे ती.

आईंच्या बाबतीत जास्त जपून. ऐंशीच्या पुढच्यांवरच्या 'हायवेट' अभ्यासात गोळ्यांनी मृत्यू आणि पक्षाघात कमी झाले, पण डिमेन्शियात ठाम फरक दिसला नाही. आणि गोळ्या थांबवून स्मरणशक्ती परत येते का, हेही तपासून झालंय. नेदरलँड्समध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या, सौम्य विसर असलेल्या ३८५ जणांवर. निम्म्यांच्या बीपीच्या गोळ्या थांबवल्या. १६ आठवड्यांनी बीपी वाढलं होतं, स्मरणशक्ती होती तिथेच. हे दादांना जरूर वाचून दाखवा.

एकच काम आत्ता करा. आईंना पाच मिनिटं आडवं किंवा बसवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचं २० किंवा खालचं १० ने पडलं तर ते डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. उभं करताना जवळ थांबा.

मुक्काम पोस्ट

डॉक्टरांनी आकडे दिले, मी घरचं सांगतो.

माझ्या वडिलांनी ६९ व्या वर्षी 'मला काही होत नाही' म्हणून गोळी सोडली. आम्हाला वर्षभर पत्ता नव्हता, कारण ते गोळी काढून टाकायचे आणि रिकामी स्ट्रिप समोर ठेवायचे. एक दिवस शर्टाची बटणं लावताना थांबले. बटण हातात, काजं समोर, आणि ते बटणाकडे बघतायत, हे काय असतं ते आठवत असल्यासारखे. हात-पाय हलत होते, वाकडं काही झालं नव्हतं, म्हणून आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं. चार महिन्यांनी आणखी एक पायरी खाली. एमआरआयमध्ये पक्षाघाताचे जुने छोटे छोटे तीन झटके निघाले, आम्हाला एकही कळला नव्हता.

अल्झायमरची घसरण उतारासारखी असते म्हणतात. वडिलांची जिन्यासारखी होती. काही महिने एकाच पायरीवर, मग एकदम खाली, आणि वर कधी नाही. गोळी चालू असती तर टळलं असतं का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. पण ताई, परस्पर बंद करू नका एवढं सांगेन.

औषधवाली

मी फार्मसिस्ट आहे, २२ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला. माझा प्रश्न वेगळा आहे. आई गोळी *घेते* हे तुम्हाला कशावरून माहीत? वहीवरून? त्या वहीचं काय झालंय ते तुम्हीच लिहिलंत.

स्ट्रिपा बाहेर काढा, शेवटचं बिल काढा आणि मोजा. किती आणल्या, किती दिवस झाले, किती उरायला हव्यात, किती उरल्यात. आई गणिताच्या आहेत, त्यांना सोबत घेऊन मोजा, झडती घेतल्यासारखं वाटणार नाही.

दुसरं. 'बीपीच्या गोळीने विसर पडतो' म्हणणाऱ्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा भलतीच गोळी सापडते. डोकं गढूळ करणारी औषधं आहेत, पण ती बहुधा दुसरीच असतात: झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या, लघवी धरून ठेवता येत नाही म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, नैराश्यावर किंवा नसांच्या दुखण्यावर देतात ते अॅमिट्रिप्टिलीन. ही वर्षानुवर्षं कोणी न विचारता चालू राहतात. आई यातलं काही घेते का?

तिसरं, आणि हे मला जास्त खटकतंय. क्लोरथॅलिडोन चार महिन्यांपूर्वी सुरू झाली आणि विसर 'तीन-चार महिन्यांत फारच वाढला' असं तुम्ही एकाच परिच्छेदात लिहिलंय. या जातीच्या गोळ्या लघवीवाटे सोडियम काढतात. म्हाताऱ्या, किरकोळ अंगाच्या बायकांमध्ये ते धोक्याइतकं उतरू शकतं, आणि त्याचं पहिलं लक्षण गोंधळ, सुस्ती, तोल जाणं असं असू शकतं. सोडियम कधी तपासलंय?

साधा फिजिशियन

औषधवाली, शंभर टक्के सहमत. माझ्या लांबलचक प्रतिसादात हे सुटलं, खरं तर तेच पहिलं लिहायला हवं होतं. काही महिन्यांत एकदम वाढलेला गोंधळ म्हणजे डिमेन्शियाच, असं धरून चालू नये. ताई, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, थायरॉइड, बी-१२, एवढ्या तपासण्या डॉक्टरांना विचारून या आठवड्यातच करून घ्या. फार सुस्ती, बरळणं, उलट्या किंवा आकडी असं काही दिसलं तर आठवड्याची वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या.

उनाड

म्हणजे शेवटी गोळीचाच दोष निघाला की! मी काय म्हणत होतो?

औषधवाली

उनाड, अजून काही निघालेलं नाही. निघालंच तर एका गोळीचा एका बाईवर झालेला, रक्त तपासून कळणारा आणि भरून निघणारा परिणाम निघेल. त्यावरून सगळ्या गोळ्या खिडकीबाहेर फेकायच्या, हे तुमचं.

आडवी रेघ

सगळ्यांचे आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय, मध्ये डोकं वर काढायला वेळ नव्हता.

मोजणी केली. आईलाच म्हटलं, एक उदाहरण सोडवायचंय. साठ गोळ्या आणल्या, साठ दिवस झाले, किती उरतील? म्हणाली, "शून्य. हे काय विचारणं झालं?" मग पलंगावर दोघींनी स्ट्रिपा मांडल्या. एकत्र गोळीच्या २३ शिल्लक होत्या. क्लोरथॅलिडोनच्या आठ उरायला हव्या होत्या, उरली होती एक.

ती बराच वेळ त्या २३ गोळ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझी वजाबाकी चुकली." आणि उठून आत गेली.

दोन्ही स्ट्रिपा चंदेरी, दोन्ही गोळ्या लहान. काही दिवस काहीच घेतलेलं नाही, काही दिवस एकच गोळी दोनदा घेतलेली. आता मागे वळून सगळं जुळतं. नेहमीची गोळी चुकत होती म्हणून बीपी १६८ झालं, १६८ बघून तिसरं औषध आलं (डॉक्टरांचा काय दोष, मीच वही पुढे करून 'अगदी नियमित घेते हो' म्हणाले होते), आणि ते तिसरं कधीकधी दुप्पट जात होतं. सोडियम १२४ आलं. १३५ च्या वर असावं लागतं म्हणे. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. सोडियम घाईने वाढवायचं नसतं, मेंदूला इजा होते, म्हणून सावकाश वर आणलं. क्लोरथॅलिडोन बंद. उभं राहिल्यावर वरचं २६ ने पडत होतं, ते आता ८ ने पडतं. एकत्र गोळी चालू आहे आणि ती तिच्या हातात मी देते. वरचं १३८ च्या आसपास असतं.

माझी परीक्षा कधी संपते हे तिने परत विचारलेलं नाही.

पण सगळं ठीक झालंय असं नाही. स्मरणशक्तीची चाचणी झाली. घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा तिने वर्तुळ अगदी सुबक काढलं, आकडे मात्र सगळे उजव्या अर्ध्यात बसवले. एमआरआयमध्ये पांढरे डाग आहेत. गोंधळ सोडियमचा होता, तो ओसरला. त्याच्या खालचा विसर तिचा स्वतःचा आहे आणि तो राहणार, असं डॉक्टर म्हणाले. तिचं बीपी सापडलं ते ५९ व्या वर्षी, तेही मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सहज मोजलं म्हणून. त्याआधी ते किती वर्षं तसंच वाढलेलं होतं, कोणाला माहीत.

दादाला ३८५ जणांचा तो अभ्यास वाचून दाखवला. तो म्हणाला, "बरं." त्याच्या मानाने हे पुष्कळ आहे. औषधवाली, आईच्या खणात खाजेची एक जुनी गोळीही सापडली. तीन वर्षांपूर्वी पाच दिवसांसाठी दिलेली, अधूनमधून रात्री चालूच होती. तीही बंद केली.

आणि हो, माझी गोळी तीन आठवड्यांपूर्वी सुरू केली. घरी मोजून लिहिते. माझी वही आईने पट्टीने आखून दिली, मी नाडीचा रकाना सोडला होता तो तिने घातला. पहिल्याच दिवशी मी यंत्र लावून बोलायला लागले तर म्हणाली, "मोजताना बडबड नाही. पाय जमिनीवर ठेव." हे तिला अजून पक्कं पाठ आहे.

डॉक्टर, एकच विचारायचं राहिलं. गोळी सकाळी घेऊ की रात्री? मैत्रीण म्हणते रात्री घेतलेली जास्त लागू पडते.

साधा फिजिशियन

आईंचं ऐकून बरं वाटलं, आणि घड्याळाचं वाचून वाईटही. त्यांची पुढची सोडियम तपासणी चुकवू नका.

सकाळ की रात्र यावर ब्रिटनमध्ये २१ हजार जणांवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये निकाल आला. पक्षाघात, हृदयविकार, मृत्यू, कशातच फरक पडला नाही. जी वेळ चुकणार नाही ती धरा.

आडवी रेघ

मग सकाळीच. आईला देते तेव्हाच माझीही घेते.